झाकणकाकूंचा करपलेला भात

कुणाच्याही घरी गेल्यावर आधी माणसांची नाही, पातेल्यांची विचारपूस करणारी बाई म्हणजे झाकणकाकू. पाळणाघराच्या स्वयंपाकघरात त्यांची हयात गेली. गरम भांड्यावर गच्च झाकण दिसलं की ते उचलायला त्यांचे हात शिवशिवायचे. आणि तोरा म्हणाल तर एकच: "भात करपवलेला नाही हो मी जन्मात!"

दीर लगेच म्हणायचे, "वहिनी, एकदा करपवाच. आम्हालाही बोलायची संधी मिळू दे."

काकूंचे यजमान निवृत्त झाले, त्या दिवशी घरभर माणसं जेवायला होती. नवी सून हौसेनं म्हणाली, "आई, आज स्वयंपाक माझा. तुम्ही नुसत्या मिरवा." सासरच्या मंडळींना तिच्या हातचं हे पहिलंच जेवण. संध्याकाळी धांदल नको म्हणून ऑफिसला जाण्याआधीच तिनं मोठं पातेलं भरून भात रांधला, झाकण लावलं आणि वरून जाड चादर गुंडाळली.

संध्याकाळी काकू कामावरून आल्या आणि त्यांनी ती चादर सोडली. भात मोकळा, पांढराशुभ्र, वासाला नाव ठेवायला जागा नाही. त्यांनी डाव खोल घालून मधला भात वर काढला. कोमट.

"अजून गरम आहे ना?" ऑफिसातून नुकतीच परतलेली सून खुशीत म्हणाली.

"तीच तर पंचाईत आहे, पोरी." काकूंनी आवाज खाली आणला. "काही जंतूंची बीजं उकळूनसुद्धा मरत नाहीत. अशी ऊब मिळाली की ती जागी होतात, वाढतात, भातात विष सोडतात. ते मग कितीही तापवलं तरी जात नाही. वासही येत नाही मेल्याला! आधी केलेला भात परातीत पातळ पसरायचा. वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये."

सुनेचे डोळे भरून आले. "बाहेर आत्याबाई बसल्यात. म्हणतील, हिला साधा भात जमत नाही."

काकूंनी पातेलं कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं, नवे तांदूळ चढवले आणि बैठकीच्या दारात अशा येऊन उभ्या राहिल्या, की बोलणारे आपोआप गप्प झाले.

"मंडळी, घात झाला! भात करपला माझ्या हातून. दुसरा चढवलाय, जरा दम धरा."

दीर खुर्चीवरून उठलेच. "वहिनी! आता मी सुखानं डोळे मिटायला मोकळा!"

"करपल्याचा वास कसा नाही आला?" आत्याबाईंनी नाक वर केलं.

"खिडकी उघडी होती."

"वय झालं हो तुमचं. आता सुनेच्या हाती सोपवा सगळं."

"सोपवलंय की," काकू हसून म्हणाल्या.

दाराआडून सून ऐकत होती. ती पुढे सरसावली, तशी काकूंनी डोळ्यांनीच तिला थोपवलं.

जेवणं झाली. दिरांनी तो किस्सा तेवढ्यात तीनदा रंगवला होता. पाहुण्यांना निरोप देऊन काकू स्वयंपाकघरात आल्या. उरलेला भात कुठे दिसतोय का म्हणून सवयीनं त्यांचा हात झाकण उचलायला पुढे झाला.

झाकण नव्हतंच. ओट्यावर परातीत भात पातळ पसरला होता आणि सून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालत उभी होती.