हात फिरवून पाह्य

मोहाडीच्या बाजारापासून फार दूर नसलेल्या त्या गावात ताराचंद बांडेबुचेला त्याच्या नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे त्याला 'मोटारवाला' म्हणतात. बोअरची मोटार बसली, पाइप गळायला लागला, की माणूस आधी याच्या दारात. आणि हा पठ्ठ्याही असा, की हातातला घास खाली ठेवून पान्ह्यांची पिशवी उचलणार. पाइपच्या आट्यांवर सुताचा धागा गुंडाळायचा, वरून सफेदा चोपडायचा, पान्ह्यानं आवळायचं, मोटार चालू करायची आणि मग सांध्याभोवती हात फिरवायचा. हात कोरडा निघाला की काम फत्ते! डोळ्याला चुकलेला थेंब हाताला चुकत नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. स्वतःचं कौतुक करायला त्याला दुसऱ्या माणसाची गरज कधी पडलीच नाही.

पण यातली अर्धी गोष्ट तो सांगायचा नाही. मोटारीचं बटण असायचं एकीकडे आणि सांधा दुसरीकडे. बटण दाबायला ताराचंद जायचा, आणि सांध्याशी उभी असायची त्याची बायको, पुष्पाबाई. तो तिकडून ओरडणार, "हात फिरवून पाह्य!" आणि ही इकडून सांगणार, "कोरडा हाये." लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. तिचा हातही तसाच होता म्हणा. धानाच्या रोवणीला बायकांच्या रांगेत ती सगळ्यात पुढं. बाकीच्या कंबर सरळ करतात न करतात तोच ही बया पुढच्या बांधीत पोचलेली.

उन्हाळ्यात ताराचंदच्या डोक्यात खूळ शिरलं. शेतात बोडी खोदायची होती, पावसाचं पाणी धानाला साठवायला. जेसीबीवाला आज येतो, उद्या येतो करत झुलवत होता. ताराचंदचं टाळकं सरकलं. "कायले त्याच्या पाया पडू? मीच बनवतो मशीन!" झालं! जुन्या ट्रॅक्टरच्या मागं भंगारातल्या गर्डरचा हात जोडला, त्याला पत्र्याचं बकेट, मधे तेलाच्या जोरावर चालणारे हायड्रोलिकचे जॅक. गावातली रिकामटेकडी मंडळी कुंपणाशी उभी राहून विचारायची, "मोटारवाले, इमान कवा बनवता?" हा वर न बघता वेल्डिंग करत राहायचा.

तेलाच्या पाइपांसाठी तो भंडाऱ्याला भैय्याजीच्या दुकानात गेला. भैय्याजी हायड्रोलिकचे पाइप आणि ते जोडायचे निपल विकण्यात म्हातारा झालेला माणूस, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्यानं दोन निपल काउंटरवर ठेवले. "हे पाह्य. याची चुडी, हे आटे, सरळ हायेत, हा बुडाशी वायसरवर बंद होते. वायसरच्या आत रबराची कडी हाये. आन् हा दुसरा, टोकाकडं निमुळता, हा आपल्या चुडीवरच फसते. तुह्या जॅकले सरळवाला पाह्यजे. जॅकच्या भोकात थो निमुळता ठोकू नोको. आन् तुहा धागा, सफेदा घरी ठेव. त्याचे तुकडे तेलात गेले का लिव्हरचा वॉल जाम."

"भैय्याजी, मी काय काल जलमलो?" ताराचंद म्हणाला. वायसरं मोजून घेतली आणि निघाला.

घरी येऊन बसवायला बसला तर एक सरळ निपल कमी. आता कोण जाते पुन्हा भंडाऱ्याला? आपल्या डब्यात चाळवाचाळव केली, एक निपल मिळाला. निमुळता होता, पण दोन-तीन आटे गेला की आत! मग काय, सवयीनं धागा गुंडाळला, सफेदा लावला, पान्ह्याच्या दांड्यात पाइप घालून अंगाचा जोर लावला. 'टक्' असा बारीक आवाज आला. ताराचंदला वाटलं, निपल बसला. बसला कसला, जॅकचं तोंड बारीक तडकलं होतं. पण हे त्याला तेव्हा कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच ट्रॅक्टर चालू झाला. ताराचंदनं लिव्हर ओढला आणि तो लोखंडी हात खरंच उचलला गेला! "बाप्पा बाप्पा!" पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला. कुंपणाशी सगळ्यांची बोलती बंद. त्यानं बकेट जमिनीत खुपसलं, लिव्हर दाबून धरला. जमीन कडक, हात अडला, इंजिन घरघरायला लागलं. तेवढ्यात जॅकांच्या बाजूला धुरासारखा बारीक फवारा दिसला.

"अवं, कोनता तरी सांधा गळून राह्यला," तो सीटवरून ओरडला. "हात फिरवून पाह्य!"

पुष्पाबाई पुढं झाली. एका सांध्यावरून हात फिरवला, दुसऱ्यावरून फिरवला, मग पुढच्याकडं नेला आणि "स्स्" करून झटकन मागं घेतला.

त्यानं इंजिन बंद केलं. "काय झालं वं?"

"काही नाही. मुंगी चावल्यावानी झालं."

त्यानं उतरून बोट पाहिलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. रक्तसुद्धा नाही. "ट्रॅक्टरवर मुंगी कोठून आली?" म्हणून तो हसला, तीही हसली. हळद लाव म्हणाला. ती आत स्वयंपाकाला गेली.

मग त्यानं भैय्याजीला फोन लावला, भांडायलाच. "तुमचा माल गळते भैय्याजी! पयल्याच दिवशी फवारा! बायको सांधा पाह्याले गेली तं तिच्या बोटाले चटका बसला."

"बोटाले?" भैय्याजीचा आवाज बदलला होता. "चालू मशीनवर हात लावला? ठिपका हाये का बोटावर?"

"हाये बारका. काहून?"

"अबे, तेल आत घुसलं रे! हे बोअरचं पानी नाही! या पाइपातल्या तेलाचा जोर चामडीतून सुईसारखा आरपार जाते. वरून काही दिसत नाही, आतून बोट सडते. माह्या वळखीच्या एका मिस्त्रीचा हात कोपरापासून कापला, ऐकून राह्यला ना? आत्ताच्या आत्ता नागपूर! हाताचं आपरेशन करनाऱ्या डाक्टरकडं! आन् माह्याच मालाचे सारे निपल लावले ना तू?"

ताराचंदला डब्यातला निपल आठवला. त्यानं फोन बंद केला. म्हातारा उगाच घाबरवतो, असं स्वतःला सांगत तो स्वयंपाकघरात गेला.

पुष्पाबाई डाव्या हातानं कणीक मळत होती. उजवा हात मांडीवर पडलेला. बोट पांढरंफटक, फुगून टणक, सूज तळहातापर्यंत उतरलेली. अर्धा तास तरी झाला होता का?

"दुखते?"

"नाही. काही समजूनच नाही राह्यलं बोटात."

दुखतंय म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं ते बोट दाबलं, चिमटा काढला. ती आपली त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "अवो, असे काहून करता? काय झालं?"

पुतण्या अमरनं गाडी काढली. पुष्पाबाईला काही कळेना. एवढ्याशा ठिपक्यासाठी नागपूर? कणीक तशीच राह्यली, गॅस बंद केला का, हेच ती विचारत होती. ताराचंद तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसला होता, आणि हात गार पडत चालला होता. भंडारा मागं पडलं तेव्हा तिला पहिली कळ आली. "माय वो!" अशी किंचाळली, की अमरचा ब्रेक लागला. तिथून पुढं कळा थांबल्या नाहीत. एरवी ही बाई विळा लागला तरी माती चोळून कामाला लागणारी.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं, काय झालं ते ऐकलं, आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. आत नेता नेता एवढंच म्हणाल्या, "तेल मनगटाकडं सरकलंय. हात वाचवायचा प्रयत्न करते. बोटाचं सांगता येत नाही." आणि दारातून वळून, "इतक्या जोराच्या तेलावर हात ठेवायला त्यांना सांगितलं तरी कुणी?"

अमर ताराचंदकडं बघायला लागला. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर तो आपल्या तळहातांकडं बघत बसला. घट्टे पडलेले, सफेद्याच्या रेघा राहिलेले, धडधाकट दोन हात. मी मेला सीटवर बसलो, तो स्वतःशी म्हणाला, आन् तिले पुढं केलं! इतक्या वर्षांत कितीदा म्हटलं असेल ते वाक्य, आणि ती कितीदा निमूट पुढं झाली असेल. धागा आपण गुंडाळला, जोर आपण लावला, आणि बोट तिचं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, आणि अमरसमोर त्यानं मारूनही घेतली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. तळहात चिरून सगळं तेल धुऊन काढलं होतं. हात वाचला होता. पहिलं बोट मधल्या पेरापासून काढावं लागलं होतं.

पुष्पाबाई शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात पांढऱ्या पट्ट्यांत कोपरापर्यंत गुंडाळून वर टांगलेला होता. ताराचंद पलंगाशी उभा होता. ती आता बोटाचं विचारणार, रोवणीचं विचारणार, आपण काय तोंडानं सांगणार, याचीच त्याला धास्ती पडली होती.

तिनं डोळे उघडले, त्याला ओळखलं, ओठ ओले केले.

"तिसरा," ती म्हणाली.

"काय तिसरा?"

"तिसरा सांधा गळत होता. खालच्या अंगानं. तुमी पुसलं होतं ना, सांगाचंच राह्यलं."

ताराचंद पलंगाची दांडी धरून खाली बसला आणि भर वॉर्डात लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. आजूबाजूचे पेशंट उठून बघायला लागले. पुष्पाबाईला काही सुधरेना. तिनं डावा हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"आता कायले रडता?" ती म्हणाली. "सापडला ना सांधा."