पाठीवरचे बदलते नंबर

मी रग्बी खेळतो म्हटलं की आमचे नातेवाईक विचारायचे, "म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात तेच काय?" तेव्हा मी नुसता हसायचो. पुढे समजावून सांगायला शिकलो. चेंडू लांबट असतो, तो हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूला द्यायचा. पळत जाऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. पुढच्या फळीतले धिप्पाड गडी रेटारेटी करून चेंडू मिळवतात आणि मागच्या फळीतले तो घेऊन पळतात. मी मागच्या फळीतला. पण मागच्या फळीत नेमका कुठला, हा प्रश्न बरीच वर्षं माझी पाठ सोडत नव्हता.

माझे वडील, आप्पा, तरुणपणी निपाणीकडून बेंगळुरूला आले आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर लागले. आमचं घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. डिप्लोमा झाल्यावर मीही जवळच्याच कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामाला लागलो. तिथला एक सोबती येलहंक्याच्या मैदानावर रग्बी खेळायला जायचा. एका रविवारी त्याच्याबरोबर बघायला म्हणून गेलो. एक गडी कमी होता, म्हणून मला आत घेतलं. शाळेत मी खो-खो खेळलेलो, त्यामुळे हुलकावणी देणं अंगात होतं. कडेने पळालो, दोघांना चुकवलं, तिसऱ्याने मला असा आडवा केला की खांदा आठवडाभर दुखत होता. पुढच्या रविवारी मी पुन्हा मैदानावर हजर.

आमचे प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले होते. आवाज खणखणीत, हिंदीत कन्नड मिसळून बोलायचे. त्यांनी मला आधी कडेला, विंगवर ठेवलं. एकदा सगळ्यात मागे राहणारा फुलबॅक आला नाही, तेव्हा म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक आहे, "आज तू पंधरा नंबर घाल." पुढे मधल्या सेंटरचं मनगट मोडलं, मग मी सेंटर. ज्याचा शर्ट मोकळा, तो माझ्या अंगावर. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खेळायला मिळतंय, बस्स.

वाटायला लागलं ते पुण्यात राष्ट्रीय संघासाठी भरलेल्या निवड शिबिरात. तिथली पोरं मला कानडी म्हणायची, जसं बेंगळुरूत सगळे मराठी म्हणायचे. त्याची सवय होती. शेवटच्या दिवशी निवड समितीतल्या एकाने विचारलं, "तू विंगर आहेस की सेंटर?"

"कुठंही खेळतो, सर."

"कुठंही म्हणजे कुठलाच नाहीस," ते म्हणाले आणि पुढच्या पोराकडे वळले.

माझी निवड झाली नाही. परत आल्यावर मैदानावर प्रशिक्षकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आमचे सर चिडतील, माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "त्याचं खरं आहे. तू जागा भरायला जातोस. त्या जागेचा होऊन खेळत नाहीस."

घरी जाताना बसमध्ये डोकं भणभणत होतं. पण पीण्याचा थांबा येईपर्यंत ठरलं होतं. एकच जागा धरून बसायचं नाही. मागच्या फळीतली प्रत्येक जागा अशी शिकायची की त्या जागेवरच्या पोराला माझी धास्ती वाटली पाहिजे.

सुरुवात दहा नंबरपासून केली. फ्लाय-हाफ म्हणजे मागच्या फळीचा मेंदू. चेंडू हातात आला की पास द्यायचा, लाथ मारायची की स्वतः घुसायचं, हे तोच ठरवतो. आमचा फ्लाय-हाफ पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेला, जे. पी. नगरात राहणारा. मी त्याला सरळ विचारलं, "मला शिकवशील काय?"

"अरे, म्हणजे माझीच जागा घेणार का तू?"

"मिळाली तर घेणारच की."

तो खो खो हसला. "चल, ॲट लीस्ट खोटं तरी बोलत नाहीस. संडेला सकाळी ये."

मग दर रविवारी मी शहराचं हे टोक सोडून त्या टोकाला जाऊ लागलो. त्याच्या घराजवळच्या मैदानावर तो मला लाथ मारायला शिकवायचा. चेंडू कसा धरायचा, पायाचा कुठला भाग लागला पाहिजे, वारा कुठून आहे. सुरुवातीला माझे चेंडू बाजूच्या नारळाच्या झाडांत जायचे आणि रखवालदार अण्णा शिव्या घालायचे. "तू बॉल बघत बसतोस," मित्र सांगायचा. "बॉल कुठे पळून जात नाहीये. समोर कोण कुठे उभा आहे ते बघ ना!" ते अंगवळणी पडायला अख्खा हंगाम गेला. पुढच्या हंगामात मी त्याच्या जागी उतरलो, तेव्हा सीमारेषेवरून सगळ्यात मोठ्याने तोच ओरडत होता.

आणि मग गुडघा गेला. एका साध्या सामन्यात वळताना पाय जमिनीत रुतला आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. लिगामेंट फाटलं होतं. शस्त्रक्रिया झाली. आई दवाखान्यात रडत म्हणाली, "पुरे झालं आता. नोकरी आहे, ती कर की नीट." डॉक्टर आले तेव्हा आप्पांनी एकच विचारलं, "हा पुन्हा पळेल काय?" डॉक्टर म्हणाले, व्यायाम नेमाने केला तर. त्या उत्तरातला "तर" मी घट्ट धरला. शिफ्टच्या आधी आणि शिफ्टनंतर मांडीला पट्टा बांधून व्यायाम. वेदनेने घाम फुटायचा, पण चुकवला नाही.

त्या काळात सर मला बाकावर शेजारी बसवून घ्यायचे. खेळ चालू असताना मध्येच डोळे झाकायला लावायचे आणि विचारायचे, "आता डावीकडे मोकळा कोण?" पहिल्यांदा सांगता यायचं नाही. हळूहळू सगळं मैदान डोक्यात बसायला लागलं. आत असताना मी फक्त माझ्यापुरतं बघत होतो. बाहेर बसून सगळ्या जागा एकदम दिसायला लागल्या. पुन्हा उतरलो तेव्हा माझा वेग थोडा कमी झाला होता, पण चेंडू कुठे येणार ते मला आधी कळायचं.

मग आपल्याकडे पैसे देऊन खेळवणारी शहरांच्या संघांची स्पर्धा सुरू झाली. चाचणीत मी निवडला गेलो. सराव आणि सामने धरून महिनेच्या महिने लागणार होते, एवढी रजा मिळणं शक्य नव्हतं. राजीनामा द्यायचं ठरवून मी आप्पांसमोर बसलो.

"हंगाम संपल्यावर काय करणार?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या हंगामाची तयारी."

"आणि पाय परत गेला तर?"

"परत उभा राहीन, आप्पा. एकदा राहिलोय की."

त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "सरी. सामना कुठल्या चॅनेलवर दिसतो तेवढं लावून देऊन जा. मला ते जमत नाही."

संघात परदेशी खेळाडू होते, प्रशिक्षकही परदेशी. पहिले काही सामने मी बाकावरच होतो. मग एका सामन्यात आमच्या फ्लाय-हाफला डोक्याला मार लागला. प्रशिक्षकांनी बाकाकडे बघितलं आणि विचारलं, "दहाला कोण?" मी उभाच होतो. आत गेलो आणि एक चेंडू मोकळ्या कोपऱ्यात टाकला, तिथून आमच्या विंगरने गुण मिळवले. थोड्या वेळाने फुलबॅक लंगडायला लागला. बदली खेळाडू संपले होते. "मी मागे जातो, सेंटर दहाला येऊ दे," मी म्हणालो. शेवटी, आम्ही थोडक्याच गुणांनी पुढे असताना, त्यांचा एक दांडगा परदेशी विंगर सगळ्यांना चुकवून माझ्यावर चालून आला. आमच्या रेषेआधी फक्त मी होतो. मी त्याच्या खांद्याकडे बघितलं नाही, कमरेकडे बघितलं. खाली वाकलो आणि दोन्ही पाय मिठीत घेतले. तो माझ्या अंगावर कोसळला, चेंडू त्याच्या हातून सुटला, आणि आम्ही जिंकलो.

आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो नाही. पण त्यानंतरच्या सामन्यांत मी बाकावर बसलो नाही, आणि हंगाम संपल्यावर करार वाढवताना प्रशिक्षक म्हणाले, "तुझ्यामुळे मला एक खेळाडू जास्त घेता येतो." खेळायला लागल्यापासून माझ्याबद्दल कुणी याहून चांगलं बोललेलं मला आठवत नाही.

मागच्या फळीतली एकच जागा राहिली आहे. नऊ नंबर, रेटारेटीतून चेंडू उचलून मागे देणारा. ती जागा बुटक्या, चपळ पोरांची, असं सगळे सांगतात. मी बुटका नाही. सध्या सकाळी येलहंक्याच्या मैदानावर जातो, जमिनीवर चेंडू ठेवतो, वाकून न थांबता डावीकडे पास देतो. उजवीकडचा अजून वाकडा जातो. सर आता थकलेत, खुर्ची टाकून बसतात आणि दर वेळी तेच सांगतात, "अजून खाली वाक."

मी वाकतो.