पायरीवरची गंगाक्का

गंगाक्काच्या दुकानात गूळ मागायला गेलं आणि ती वाचत असली, की आधी तिचं एक बोट वर व्हायचं. म्हणजे थांबा. मग ती पान संपवणार, पुस्तकावर अर्ध्या किलोचं वजन ठेवणार आणि चष्म्यावरून बघत विचारणार, "काय पायजे?" काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून जुनी वजनं तिला याच कामाला उरली होती. एकदा एकजण घाईत म्हणाला, "आक्का, घरी दूध उतू चाललंय, चहापत्ती द्या." तर ही म्हणते, "तुजं दूध उतू चाललंय, हितं एक जित्ता माणूस भितीत चिणायला लागलेत. कुणाचं आधी बगू?"

मी दिंद्रुडच्या वाचनालयात ग्रंथपाल. पेपर चाळायला येणारे पुष्कळ, पण पुस्तक नेऊन खरोखर वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. त्यात पहिलं बोट गंगाक्काचं. साठी ओलांडलेली बाई, आणि वाचायची काय, तर चोर, जादूगार, गुप्त दरवाजे! तिचा मुलगा महेश वैतागायचा. "आई, या वयात पोथी वाचावी," म्हणायचा. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. "पोथी सकाळी वाचती. इष्टलिंगाची पूजा झाली की दिवस माजा हाय."

त्यातलं एक पुस्तक तिच्या अगदी जिवाला लागलं. कुठल्याशा परदेशी कादंबरीचा अनुवाद. दोन चोर, एक उंच आणि एक बुटका. त्यांची नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं त्यांचं लंब्या आणि गिड्ड्या असं बारसं करून टाकलं. रोज संध्याकाळी भिंती जागा बदलतात अशा राजवाड्यात दोघं चोरी करायला शिरतात, लंब्या आतच अडकतो, गिड्ड्या बाहेर, हातात दोर, आणि पहिला भाग संपतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना आक्का हे सगळं मोठ्यानं वाचायची. ऐकायला साखरेच्या पोत्याला टेकून जैनबचाची.

जैनबचाची बांगड्या भरायची. दोघींची मैत्री परकरी वयातली. चाचीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण गोष्ट ऐकताना ती मधेच चोरांना सल्ले द्यायची. पहिला भाग संपला त्या दिवशी ती माझ्यावरच उखडली. "ये कैसी किताब दी गे तू? आदमी कू दीवार में छोडके कोई किताब बंद करता क्या?" त्यानंतर दुसऱ्या भागासाठी दोघींनी माझा जीव नकोसा केला. सहा महिने! अखेर पुस्तक आलं आणि मी दुकानात निरोप धाडला.

नेमकं त्याच आठवड्यात आबासाहेबांकडे लग्न होतं. आबासाहेब गावचे पुढारी, आमच्या वाचनालयाचे अध्यक्षही तेच. चाची त्यांच्याकडे बायकांना चुडा भरायला गेली होती. चुडा भरताना हातातलं सोनं उतरवून ठेवतात. सगळ्यांच्या बांगड्या भरून झाल्या, आणि थोरल्या सुनेची एक पाटली सापडेना. चाचीचं गाठोडं चारचौघांत सोडून झाडलं. त्यात काही निघालं नाही. तरी दिवस मावळायच्या आत गावभर झालं, जैनबनं पाटली मारली.

दुसऱ्या दिवशी चाची पुस्तक न्यायला वाचनालयात आली. तोंड उतरलेलं, तरी आली. मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि हळूच म्हटलं, "चाची, खरं काय ते मला सांगा. मी आबासाहेबांशी बोलते, बाहेर कुणाला कळणार नाही." मला वाटलं, मी केवढी चांगली वागतेय! तिनं माझ्याकडे पाहिलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

तासाभरात गंगाक्का आली. रजिस्टरवर सही ठोकली, पुस्तक उचललं आणि गेली. मी मागोमाग दारापर्यंत गेले, पण तिनं वळून पाहिलं नाही.

बाजाराचा दिवस होता. आक्कानं दुकानातली सतरंजी ओढत आणली आणि रस्त्यावरच्या पायरीवर अंथरली. महेश हातापाया पडायला लागला. लग्नाचा सगळा किराणा आमच्याकडून जायचाय, निदान आत तरी बसा, म्हणाला. "कावून आत? आमी काय चोरून वाचतोय?" असं म्हणून ती थेट चाचीच्या घरी गेली, तिला हाताला धरून आणलं, पायरीवर बसवलं आणि खणखणीत आवाजात पहिलं पान सुरू केलं. येणारेजाणारे थबकले. भाजीवाल्या बायका सरकत सरकत जवळ आल्या.

तेवढ्यात आबासाहेब आले. गाडीतून उतरले आणि म्हणाले, "आक्का, तुमचं घराणं काय, तुमी चोराला पायरीवर बसवता?"

आक्काचं बोट वर झालं. पान संपवलं. मग म्हणाली, "चोर म्हनायचं असंल तर दोघींला म्हना. ती आन् मी येगळ्या न्हाई. आन् आबासाहेब, उभं ऱ्हाऊ नका, बसा. लंब्याला सोडवायला गिड्ड्या आत शिरलाय. मधी बोलू नका."

कोणीतरी फिस्सकन हसलं. आबासाहेब लालबुंद होऊन गाडीत बसले. लग्नाचा किराणा माजलगावहून आला. महेश दोन दिवस जेवला नाही. पायरीवरचं वाचन मात्र नऊ दिवस चाललं. शेवटच्या दिवशी गिड्ड्यानं लंब्याला बाहेर काढलं, तेव्हा रस्ता अडला होता आणि चाची सगळ्यांदेखत रडत होती. गोष्टीसाठी रडत होती की स्वतःसाठी, कोण जाणे.

पाटली पुढं सापडली. गादीच्या खोळीत. आबासाहेबांनी चाचीकडे गड्याच्या हाती एक भारी साडी पाठवली. चाचीनं घडी न मोडता परत केली. आक्का म्हणाली, "साडी आली, माणूस न्हाई आला. लई सस्तं पडलं की त्यानला!"

मी धीर करून आक्काला विचारलं, "तुम्हाला आधीपासून खात्री होती ना, की तिनं घेतली नाही?"

"मला काय ठावं? मी तिथं होते का? आन् मी तिला इचारलंबी न्हाई."

"आणि घेतली असती तर?"

"तर तिच्या पाठीत धपाटा घातला असता. आन् मंग पायरीवर बसून वाचलं असतं."

गेल्या वर्षी आक्का गेली. दोनच दिवसांचा ताप. त्या पायरीच्या दिवसापासून चाचीनं माझ्या हातून काही घेतलं नव्हतं, वाचनालयाची पायरीही चढली नव्हती. मला राहवेना. मी एक पुस्तक घेऊन तिच्या घरी गेले आणि दारातूनच म्हटलं, "चाची, मी वाचून दाखवू?"

ती म्हणाली, "पहले बोल. उस दिन मेरेकू कायकू पूछी तू?"

अध्यक्ष, नोकरी, तुमचंच भलं, सगळी कारणं तोंडाशी आली. एकही खरं नव्हतं. मी म्हटलं, "मला वाटलं होतं, तुम्हीच घेतली असेल. चुकलं माझं, चाची." गल्लीत शेजारणी होत्या. ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

"हौ," ती म्हणाली आणि अंगाखालची चटई अर्धी माझ्याकडे सरकवली. "बैठ अब. जोर से पढ."