मुत्लाच्या वाळूत बर्फाचे बूट

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की कुवेतमध्ये यंदाही बर्फ पडलेला नाही आणि पडण्याची चिन्हेही नाहीत. असे असताना माझा धाकटा भाऊ मिलिंद विमानतळावरून मला रुमैथिया भागातल्या त्याच्या घरी घेऊन आला, चहा टाकला, आणि आत जाऊन बर्फावर घसरायचे बूट घालूनच बाहेर आला. टणक प्लास्टिकचे, पोटरीपर्यंत उंच, पुढे खटकेच खटके. चाल अशी, की आमच्या नाशिकच्या नाटकमंडळात राक्षसाचं काम त्याला बिनचौकशी मिळालं असतं.

“हसू नकोस ताई. इराकडे जायचंय.”

इरा त्याची मुलगी, ऑस्ट्रियात शिकते. दोन हिवाळे ती घरी आलेली नाही. बर्फावर फळीवरून घसरायचं वेड तिला तिकडे लागलं आणि तिने बापाला गळ घातली, या सुट्टीत एकदा माझ्यासोबत उतारावरून खाली ये. पुढे नोकरी कुठे लागेल, कोण जाणे. बूट आणि फळी तिनेच पाठवली होती. मिलिंदची रजा मंजूर होती. तिकीट मात्र काढलेलं नव्हतं, कारण त्या बुटांत त्याचा गुडघा वाकतच नव्हता.

“शुक्रवारी वाळूवर शेवटचं बघतो. नाही जमलं तर रजा रद्द. उगाच पोरीच्या गळ्यात ओझं कशाला?”

“या वयात लोक गुडघे बदलतात, हे वाकवायला निघालेत!” त्याची बायको सुजाता स्वयंपाकघरातून म्हणाली.

शुक्रवारी सकाळी जहरा शहर मागे टाकून आम्ही मुत्लाच्या टेकाडांकडे निघालो. रस्त्याच्या कडेला थंडीतले मुखय्यम (वाळवंटात हौसेने ठोकलेले तंबू) पसरले होते. गाडीत गरम खुबूस (भट्टीतली रोटी) आणि मी नेलेली शेंगदाण्याची चटणी. या दोघांची सोयरीक आधी कुणी का जुळवली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

उतारावर मिलिंद फळीवर चढला. पुढे-मागे लोखंडी कड्या अडकवून बूट जखडले, आणि तो वाकला. म्हणजे वाकायला गेला. खांब उपटून पडावा तसा तोंडावर आपटला.

शेजारच्या तंबूतून एक कुवेती गृहस्थ कॉफीची किटली घेऊन आले. बूट पाहून म्हणाले, “वेन अल-थल्ज?” (बर्फ कुठे आहे?)

मिशीतली वाळू पुसत मिलिंद म्हणाला, “इंद बिंती.” (माझ्या मुलीकडे.)

मी हसणार होते. पण ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी खाली बसून आधी मिलिंदचाच पेला भरला.

मग इराला फोन लावला. पडद्यावर तिच्यामागे सगळं पांढरंशुभ्र.

“बाबा, एक बूट काढ. आत काय आहे ते दाखव.”

आतून कापसाची गुंडाळीच निघाली! मिलिंद इस्पितळात प्लॅस्टर घालतो. पाय तसूभर हलू नये, यातच त्याचं आयुष्य गेलं. नडगीला नीट कापूस, वर सगळे खटके सारखेच आवळलेले, टाचेमागची कळ पक्की.

“अरे बाबा, पाय मोडलेला नाहीये तुझा! एकच पातळ मोजा घाल. खालचे खटके घट्ट, वरचा सैल. मागची कळ सोड, म्हणजे नडगी पुढे झुकेल. आणि आत्या, मागच्या पायाच्या कड्या थोड्या पुढे घे, फळीसोबत पाठवलेली पाचर टाचेखाली सरकव.”

मी वाळूत फतकल मारून स्क्रू पिळले. वरून हुकूम ऑस्ट्रियाचा, खाली मजूर नाशिकचा.

मिलिंद पुन्हा उभा राहिला. गुडघे वाकले. अगदी सहज. पलीकडे इराही बर्फावर तशीच वाकली. फळी वाळूवरून वीतभरच सरकली, पण दोघं बराच वेळ तसेच वाकून एकमेकांकडे बघत राहिले. सुजाता पाठ फिरवून डबे भरू लागली.

संध्याकाळी तिकीट निघालं, त्याचं एकट्याचं. सुजाता म्हणाली, “मला नको ती थंडी.”

माझ्या परतीच्या दिवशी विमानतळावर मला वाटलं, मी नाशिकला मिलिंदची वाट बघते, मिलिंद इथे इराची. आम्हा सगळ्यांची माणसं एकेक मुक्काम पुढेच. हे सांगायला मी वळले, तर सुजाता फोन कानाला लावून उभी होती. आणि सामानाची अख्खी रांग वळून बघेल एवढ्या मोठ्याने ती एकदम म्हणाली,

“इरा, माझ्या मापाचे बूट मिळतात का गं तिकडे?”