चारशे फूट कनात

"आत व्हा. तोंडं आत घ्या. गाड्या यायल्यात."

मालकाचा पुतण्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोलत होता. त्याची खुर्ची रस्त्यावर होती आणि आम्ही आत होतो. आत म्हणजे घरात नाही. कनातीच्या मागं. लग्नाच्या मांडवाला बाजूनं जे रंगीत कापड लावतात, ती कनात. पिवळी आणि गुलाबी, वर सोनेरी झालर. चारशे फूट लांब. आमच्या वस्तीच्या पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या पत्र्यापर्यंत रस्त्याच्या कडेनं ताणलेली. त्या रस्त्यानं मंत्र्याच्या गाड्या जाणार होत्या आणि बारा घरांची आमची वस्ती कुणाच्या नजरेला पडायला नको होती.

मी दहावीत होते. त्या दिवशी गणिताचा पेपर होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात कंपासपेटी आणि हॉलतिकीट. मी त्याला म्हणाले, "मला पेपरला जायचंय."

तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "गाड्या जाऊ दे आधी. तुमच्यातलं कुणी रस्त्यावर दिसलं तर काका माझं चामडं सोलतील."

हे कसं झालं ते सांगते. सांगायची मला आजही लाज वाटते, कारण ती कनात आम्हीच बांधली होती. आमच्या हातांनी.

मालक म्हणजे आमच्या गावातली निम्मी जमीन ज्यांची ते. राजकारणात आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि लग्नाला मंत्री येणार होता. त्यांच्या घरच्या लग्नाला आमच्या वस्तीला जेवण असतंच, ती जुनी रीत आहे. पण शेवटच्या पंगतीला. गोठ्याच्या बाजूला. आणि ताट-तांब्या आपापल्या घरनं न्यायचा, कारण त्यांच्या पत्रावळी तोवर संपलेल्या असतात. दर लग्नात संपतात. मी लहान असताना मलाही एकदा माझं ताट काखेत धरून तिथं बसवलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी कडा गावच्या मांडववाल्याचा टेंपो वस्तीसमोर थांबला. त्यातनं बांबू उतरले, कापडाचे गठ्ठे उतरले. आमची माणसं बाहेर आली. गयाबाई आमच्या वस्तीत सगळ्यांत म्हातारी. ती म्हणाली, "यंदा मालकानं पंगत आपल्या दारात आणली बगा."

आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या बापानं पहार आणली आणि खड्डे खणले. माय-बा दोघं ऊसतोडीवरून आठच दिवसांपूर्वी आले होते. त्या साली कारखान्याचा पट्टा लवकर पडला होता, म्हणजे गाळप लवकर संपलं होतं, नाहीतर माझ्या परीक्षेला ते घरी नसतेच. पाच महिने ऊस तोडून हाताला घट्टे पडलेला माणूस हसत हसत खड्डे खणत होता. बायकांनी सडा टाकला. मायनं पेटीतली लग्नातली साडी बाहेर काढून उन्हात टाकली. मी रांगोळी काढली. मोठी, कमळाची. मांडववाल्याची माणसं आमच्याकडं बघत बघत बांबू बांधत होती.

एक बाजू बांधून झाली. माणसं टेंपोत चढायला लागली. बा म्हणाला, "आन् वरचं कापड? बाकीच्या तीन बाजू?"

त्यातला एक म्हणाला, "न्हाई दादा. फकस्त रस्त्याच्या बाजूला. ऑर्डर तेवढीच हाय."

बा पहार हातात धरून उभा राहिला. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. गयाबाई खाली बसली. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते असं. आम्हाला कुणी फसवलं नव्हतं. आपल्याला कुणीतरी जेवायला बोलवलंय, एवढ्यावर आम्हीच फसलो.

संध्याकाळी मुकादम आला. ऊसतोडीच्या टोळीवर कोण जाणार आणि कोण नाही हे तो ठरवतो, आणि तो मालकाच्या शब्दाबाहेर नाही. तो म्हणाला, "पावने रावळे येनार, वरनं डोन फिरनार, शूटिंग व्हनार. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन तास गप बसा."

गावाची इज्जत. झाकायला निघालेल्या माणसाकडं शब्दांची कमी नसते. पुतण्या त्याला शोभा म्हणत होता. गयाबाई मर्यादा म्हणायला लागली. खरा शब्द कुणीच उच्चारला नाही. तुम्ही घाण आहात आणि घाणीवर काहीतरी टाकायचं असतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

पण माझ्या डोक्यात जे पेटलं ते एवढ्यानं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमच्या वस्तीवर एकाही घराला न्हाणी नाही. संडास नाही. बायका अंधार असताना उठतात. बाज उभी करायची, तिच्यावर जुनं लुगडं टाकायचं आणि त्याच्या मागं बसून दोन तांबे अंगावर घ्यायचे. रस्ता वीस पावलांवर. मोटरसायकलवाले मुद्दाम हळू जातात. माय कायम साडी नेसूनच न्हाते, ओल्या साडीवर कोरडी साडी गुंडाळते. मला पाळी आली त्या वर्षापासून मी शाळेत पोचल्यावरच एकदाची संडासात जायचे. वस्तीतल्या बायकांनी आडोशासाठी ग्रामपंचायतीत किती खेपा घातल्या त्याला हिशेब नाही. चार पत्रे मागितले होते. चार. दर वेळी एकच उत्तर, यादीत नाव नाही.

त्या सकाळी मी उठले तर चांगलं उजाडलं होतं आणि माय न्हात होती. उजेडात. निवांत. कनातीच्या अलीकडं दगडावर बसून केस मोकळे सोडून डोकं धुत होती. तिला असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाठीवर ऊन पडलं होतं. मोळ्या वाहून वाहून तिच्या मानेवर पडलेला काळा घट्टा मला पहिल्यांदा दिसला.

मला बघून ती म्हणाली, "लई बरं वाटलं गं. कापड चांगलं जाड हाय."

मला रडू आलं नाही. मला राग आला. पंधरा वर्षं आम्ही आडोसा मागत होतो तेव्हा चार पत्रे मिळाले नाहीत. त्यांच्या पाहुण्यांच्या डोळ्यांना आम्ही खुपायला नको म्हटल्यावर एका दिवसात चारशे फूट कापड आलं. झालरीसकट. आणि माझी माय त्यालाही बरं म्हणत होती.

पेपर अकराला. साडेदहाच्या आत वर्गात बसावं लागतं. केंद्र आठ किलोमीटरवर. फाट्यावरनं दहाची काळी-पिवळी जीप मिळाली तर ठीक, नाहीतर नंतर काही नाही. वस्तीच्या मागं मालकाचा ऊस आणि त्याला रानडुकरांसाठी झटका मशीनची तार. बाजूला खोल ओढा. जायला एकच वाट, समोरचा रस्ता. आणि कनातीला जी एक फट ठेवली होती तिथं पुतण्या खुर्ची टाकून बसलेला.

नऊ वाजता म्हणाला, गाड्या यायल्यात. साडेनऊला म्हणाला, आता यायल्यात.

बा पुढं झाला. हात जोडून पुतण्याला म्हणाला, "मालक, पोरीची धाव्वी हाय. एकटीला सोडा. कडंकडंनं जाईल. कुनाला दिसायची न्हाई."

"कावून डोकं खाता बे सकाळी सकाळी. पेपर पुन्हा बी देता येतो. मंत्री पुन्हा येनार हाय का?"

कुनाला दिसायची नाही. हे माझा बाप बोलला. माझ्यासाठीच बोलला, मला कळतंय. पण ते वाक्य माझ्या छातीत बसलं. पेपर द्यायचा असेल तर न दिसता द्यायचा. शिकायचं असेल तर कडेकडेनं शिकायचं. मी मागं फिरले. पोरगी समजली, असं बापाला वाटलं असणार.

मी घरात गेले. पत्र्याच्या खाली खोचलेला बापाचा कोयता काढला. पट्टा पडल्यावर तो धुऊन, तेल लावून ठेवतात. तो घेऊन मी कनातीच्या मधोमध आले, माझ्या रांगोळीवर पाय देऊन.

माय धावत आली. तिनं कापडालाच हात लावला. "कापू नगं. चांगलं कापड हाय बाई."

मी म्हणाले, "हात काढ, माय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात काढला.

ऊस तोडणाऱ्या घरातली पोर आहे मी. कोयता कुठं घालायचा आणि कसा ओढायचा हे मला कंपास धरायच्या आधीपासून माहीत आहे. वरपासून खालपर्यंत एका ओढीत कापड फाटलं. मी कोयता मायच्या हातात दिला आणि त्या भोकातनं रस्त्यावर आले.

आणि गाड्या त्याच वेळी आल्या. पांढऱ्या, एकामागं एक. पहिलीनं ब्रेक मारला. काचा खाली झाल्या. सोन्यानं मढलेल्या बायका, फेटे, गॉगल. त्यांनी मला बघितलं. फाटलेल्या कापडातनं आमचे पत्रे, शेणानं सारवलेली अंगणं, दोरीवर वाळत घातलेली मायची ओली साडी, सगळं बघितलं. वर ड्रोन घुंघुं करत होतं. मी ओढणी सारखी केली नाही. मान खाली घातली नाही. रस्त्याच्या मधनं चालत गेले, गाड्यांना माझ्या बाजूनं जावं लागलं.

पुतण्या मागनं ओरडला, "ए पोरी, तुज्या बापाचा कोयता बंद करतो बग."

फाट्यावर जीप सुटायला आली होती. मी दारात लटकून गेले. दहा बत्तीसला वर्गाच्या दारात पोचले. तिथल्या बाईंनी घड्याळ बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आत घेतलं. पेपर लिहिला. पास झाले. ते सांगायला हे लिहीत नाही.

कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. बा मला घेऊन मालकाच्या बंगल्यावर गेला. वस्तीतली सगळी माणसं फाटकाबाहेर उभी. आदल्या दिवशी वस्तीला जेवण मिळालंच नव्हतं, त्यामुळं बरेचजण माझ्यावर चिडलेले. मालक ओट्यावर बसले होते. पुतण्या शेजारी उभा. मुकादम मला म्हणाला, "डोक्यावर ओढनी घे. पाया पड. चुकलं म्हन. मिटलं मग."

मी म्हणाले, "ती फाटलेली कनात आमाला द्या. आमच्या बायकांच्या न्हानीला लावतो. मग म्हनते चुकलं."

मालक हसले. रागावले असते तर मला चाललं असतं. ते हसले आणि म्हणाले, "तुमाला कशाला पायजे गं आडोसा? तुमच्याकडं कोन बघतंय?"

फाटकाबाहेरची दोन-चार माणसंही हसली. आमचीच. मी मागं वळून बघितलं तर माय हसत नव्हती. गयाबाईही नाही.

मी म्हणाले, "कोन बघत नसतं तर चारशे फूट कापड कशाला लागलं, मालक?"

बापानं माझ्या तोंडावर हात ठेवला. त्याच्या तळव्याला उसाचा वास होता. मग माझ्या बदली तोच पायऱ्यांवर वाकला, डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली आणि म्हणाला, "चुकलं मालक." मी ते बघत उभी राहिले. मी वाकले नाही. बापाला उठवायलाही गेले नाही. त्या वाकण्याचा राग मी कितीतरी वर्षं बापावर धरला. तो चुकीच्या माणसावर होता हे कळायला मला वेळ लागला.

तरीही कोयता बंद झालाच. पुढच्या दिवाळीला टोळीत माय-बापाचं नाव नव्हतं. त्यांना लांबच्या, अनोळखी मुकादमाच्या हाताखाली कर्नाटकात जावं लागलं. तिथं राहायला बांधलेल्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या आडोशाला माय न्हात होती, तेव्हा तिला साप चावला. वाचली. पाय अजून ओढत चालते.

आज मी सत्तावीस वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नर्स आहे, पण मतदान वस्तीवरच ठेवलंय. पुतण्या आता सरपंच झालाय. वस्तीवर न्हाणी नाही. कागदावर बारा आहेत, बारा फोटोंसकट, मी स्वतः अर्ज करून ते कागद काढलेत. गेल्या ग्रामसभेत मी उठले तेव्हा तो म्हणाला, "ताई, बायकांचे विषय हायेत, चारचौघांत कावून? नंतर येऊन बोला." पंधराव्या वर्षी मी त्याला पोरी होते, आता ताई आहे. तेवढाच फरक पडलाय.

मी नंतर जाणार नाही. बारा घरांतल्या बायका कुठं न्हातात, कुठं बसतात, रात्री किती लांब चालतात, हे मी चारचौघांतच बोलणार, माईकवर बोलणार, बाप्ये मान खाली घालेपर्यंत बोलणार. बारा खोट्या फोटोंवर कुणाकुणाची सही आहे ते पूर्ण नावानं वाचणार. पुढच्या सभेला माय माझ्याबरोबर येणार आहे. काय बोलायचं ते मी तिला शिकवलेलं नाही. तिला माहीत आहे.