हळद ती हळद

आमच्या गल्लीचं पाणी एकदा माझ्या तोंडामुळे तुटणार होतं. भांडणामुळे नव्हे (तशीही माझी ख्याती आहे), नुसत्या चेहऱ्यामुळे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांसाठी रस्ते उकरलेले, त्यात दुष्काळ. ट्रक गेला की अर्धा रस्ता माझ्या गालावर! माझी कातडी मुळातच कांद्याच्या पापुद्र्यासारखी. धुळी-धुरानं गाल सोलून निघाले. किनवटच्या बहिणीनं पत्रातून झाडपाल्याचा उपाय कळवला: कडुनिंब, कोरफड आणि आंबेहळद. लेप वाळला की धुवायचा.

आंबेहळद घरात नव्हती. हळद ती हळद, म्हणत स्वयंपाकाच्या डब्यातली तीन चमचे घातली. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून लेप जुन्या लुगड्यानं पुसला. आरशात पाहिलं, तर मी जेजुरीहून परतल्यासारखी पिवळीधमक.

तेवढ्यात टँकर आला. आठ दिवसांनी. घागर घेऊन पळाले.

शेजारच्या शांताबाईनं विचारलं, "वैनी, कावीळ झाली का ओ?"

चाळिशी उलटून लेप लावला, हे गल्लीत सांगण्यापेक्षा मला कावीळ बरी वाटली. मी मान हलवली.

"कशानं?"

"पाण्यानं असंल." (तेवढं शास्त्र मला येतं.)

शांताबाईनं टँकरकडं पाहिलं. "ह्याच पाण्यानं?"

पाच मिनिटांत रांग मोडली. भरलेल्या दोन घागरी नालीत गेल्या. ड्रायव्हर नळी गुंडाळू लागला. "नको? मग चाललो पुढं मुरुडला. तिथं लोकं हिरवं बी पितेत."

घरात प्यायला तांब्याभरच पाणी उरलेलं. उंबऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "तू सांगती का मी सांगू?"

"मला कावीळ न्हाई," मी ओरडले. "तोंडाला हळद लावली होती."

"कशाला?"

"गाल सोलले म्हणून."

"म्हंजी गोरं व्हायला," शांताबाईनं सगळ्यांना समजावलं.

तरी खात्रीसाठी ड्रायव्हरनं मला गल्लीदेखत ओंजळभर पाणी प्यायला लावलं. रांग पुन्हा लागली; दंड म्हणून माझा नंबर शेवटचा. तोवर टँकर तळाला गेलेला. घागरीत पाणी कमी, गाळ जास्त.

"बाई, आता ह्योच लेप लावा," ड्रायव्हर म्हणाला. "रंग तर ऱ्हात न्हाई."

दुसऱ्या दिवशी लावून पाहिला. गाल मऊ पडले. पण हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या टँकरलाही मला शेवटचाच नंबर हवा होता.