न दुमडलेला कोपरा

दुपारी तीनचा उजेड शब्दकोशाच्या कचेरीच्या काचेतून टेबलावर उतरतो आणि पापण्या जड होतात. हाताखाली एकाच इंग्रजी शब्दाचं कार्ड आहे: 'सेपरेट'. उद्या खंड छापखान्यात जायचा आहे आणि तो याच कार्डापाशी अडला आहे. आमचा नियम जुना. एकीने लिहायचं, मोठ्याने वाचायचं. दुसरीने डोळे मिटून ऐकायचं आणि पटलं, तरच उजवा कोपरा दुमडायचा. स्वतःचं कार्ड स्वतः दुमडायचं नाही. माझं ऐकणाऱ्या मनोरमाबाई तुंगारे चैत्रात गेल्या.

"वाच, शलाके," समोरच्या खुर्चीतून बाई म्हणतात.

मला नवल वाटत नाही. मी वाचते, "अर्थ पहिला, ताटातूट. दुसरा, तोडणे."

"हे कार्ड आहे की शोकसभा?"

मी हसते. टेबल आता बाईंच्या स्वयंपाकघरातली गार फरशी आहे. आमच्या मध्ये मेथीची जुडी. बाई कार्डं दुमडायच्या त्याच डाव्या हाताने पानं खुडून परातीत टाकत आहेत.

"उगम?"

"लॅटिन. 'से' म्हणजे बाजूला. 'परारे' म्हणजे सिद्ध करणे, तयारी करणे."

"मग तयारी कुठे गेली तुझ्या कार्डातून? मी काय करतेय हे?"

"भाजी निवडताय."

"कशासाठी?"

"रांधण्यासाठी."

परात बाईंच्या मांडीवर आहे, आणि बाई एसटीच्या खिडकीत. मी खाली फलाटावर उभी.

"बाई, हे शेवटचं कार्ड आहे, तुमच्या माझ्यातलं. ते गेलं की..."

"म्हणून खंड अडवलास? छापखान्यातला गुरव मला शिव्या देत असेल, मेल्यावरसुद्धा! वाच पुन्हा."

"निवडून बाजूला करणे," मी म्हणते. "पुढच्यासाठी सिद्ध करणे."

बाई डोळे मिटतात. गाडी हलते. "त्या उत्पलाला ऐकवत जा," खिडकी म्हणते. "कान बरा आहे तिचा."

डोळे उघडतात. कचेरीत पंखा फिरतो आहे. कार्डावर 'ताटातूट' तशीच आहे. मी ती खोडते, नवा अर्थ लिहिते आणि पलीकडच्या टेबलावरच्या नव्या मुलीला हाक मारते.

"उत्पला, इकडे ये. डोळे मिट."

ती ऐकते. मान हलवते आणि कार्डाकडे हात नेते. हात मध्येच थांबतो.

"ताई, हे दुमडलेलंच आहे की. पण डावीकडून?"